रिद्धपूरच्या पोरांनी विमानाचं इंजिन का उघडू नये?

एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून प्रवासी विमान सुरू झालं. आमच्या वस्तीतली पोरं कुंपणापाशी सेल्फी काढून परतली. आम्हाला त्या कुंपणाबद्दल बोलायचं आहे.

एअर इंडियाने २०२४ मध्ये बेलोऱ्याला वैमानिक प्रशिक्षण संस्था जाहीर केली. वर्षाला १८० वैमानिक घडवायचे, त्यासाठी ३४ विमानं: ३१ पायपर, ३ डायमंड. सगळी पिस्टन इंजिनाची. वैमानिक होण्याचा खर्च लाखांत जातो, तो आपल्या घरांना झेपत नाही हे मान्य. पण ही विमानं सांभाळणार कोण? तिथे आपली पोरं फक्त झाडू आणि शिट्टी घेऊनच उभी राहणार का?

मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत डिझेल पंप खोलणाऱ्या पोराला सिलिंडर, पिस्टन, क्रँकशाफ्ट नवे नाहीत. नवी आहे ती शिस्त. उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन काचेच्या भांड्यात काढून पाणी आलं का ते पाहतात. पेट्रोलवर चालणाऱ्या विमान-इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि इंजिनाला दोन मॅग्नेटो. उड्डाणाआधी एकेक बंद करून फेरे किती पडतात ते बघतात. साधारण ५० तासांनी तेल बदलताना जुना फिल्टर कापून धातूचा कीस शोधतात. कीस सापडला, तर इंजिन आतून झिजतंय. शेतात पंप बंद पडला तर पाळी चुकते. आकाशात तसं नसतं. म्हणून केलेल्या प्रत्येक कामाखाली सही लागते, आणि सही करायला परवाना.

डीजीसीएच्या परवान्यात पिस्टन विमानांसाठी बी १.२ हा वेगळा वर्ग आहे. बारावीला भौतिक, रसायन, गणित लागतं. आणि आम्ही अजूनही हुशार पोरीला कला शाखेत ढकलतो, डी.एड. कर म्हणतो! (आम्ही स्वतः समाजशास्त्रवाले, त्यामुळे हा दोष आमच्याही माथी.)

बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉय सरकारला दिलेल्या निवेदनात विज्ञान-तंत्र शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागाही. नुसत्या कारकुनीवर त्यांचं समाधान नव्हतं.

आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. लीळाचरित्राच्या गावात इंजिन देखभालीची मराठी पुस्तिका निघावी, ही आमची पहिली मागणी. दुसरी: बेलोऱ्याच्या हँगरमधल्या उमेदवारीत अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींसाठी जागा राखाव्यात आणि शुल्क समाजकल्याण खात्याने भरावं. निवेदनाचा मसुदा तयार आहे; दहावी-बारावीच्या पोरांची यादी गावागावांतून हवी आहे.

जय भीम!