पंखा फिरेना, काटा थांबेना

माणसांप्रमाणे मोटारीलाही ताप चढतो हे मी ऐकून होतो. गेल्या वर्षी वसुबारसेच्या दिवशी वडखळ नाक्याच्या अलीकडे तो प्रत्यक्ष पाहिला.

थळला मामांकडे दिवाळी करायची असा बेत होता. पुढे मी आणि चिरंजीव, मागे सौ. आणि आई, आणि आईच्या मांडीवर अनारशांच्या पिठाचा डबा. पेणपर्यंत सारे आलबेल होते. पुढे गाड्यांची रांग लागली आणि तापमानाचा काटा, जो एरवी मध्यावर पुतळ्यासारखा उभा असतो, तो तांबड्या रेघेकडे सरकू लागला. रांग हलून गाडी जरा पळाली की काटा खाली येई. थांबलो की पुन्हा वर. वास्तविक रोगाचे निदान एवढ्यातच झाले होते. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो. गाडी उभी राहते तेव्हा ते काम विजेच्या पंख्याने करायचे असते. उभ्या गाडीचा काटा चढतो आणि पळत्या गाडीचा उतरतो, याचा अर्थ पंखा फिरत नाही. उलट भरधाव गाडीतही काटा चढत राहिला, तर पाणी कमी आहे, थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा पंप थकला आहे, असे काहीतरी पाहावे लागते. पण हे शहाणपण मला नंतर आले. त्या वेळी मी फक्त घाबरलो.

गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडले. चिरंजीव इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असल्यामुळे घरातल्या यच्चयावत यंत्रांवर त्यांचा अधिकार चालतो. त्यांनी रुमाल काढून थेट पाण्याच्या झाकणाला हात घातला. तोच मागून आई कडाडली, "हात काढ! वाफ जिरल्याशिवाय कुकर उघडतोस का रे?"

हात निघाला, म्हणून आज हे हसतखेळत लिहिता येते आहे. उपमा म्हणावी तर तंतोतंत होती. कुकरची शिटी आणि गाडीचे झाकण, दोन्ही आतला दाब बाहेरच्यापेक्षा चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने अधिक ठेवतात, आणि त्या दाबाखाली पाणी १०० अंशांना न उकळता १२० च्या आसपास उकळते. झाकण सैल केले की दाब एकदम उतरतो, आणि शंभराच्या वर तापलेले ते पाणी त्याच क्षणी उसळून वाफेसकट तोंडावर येते. चेहरा आणि डोळे भाजण्याचे असले अपघात घडत असतात. मंडळी, गाडी तापली तर झाकण हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. तेवढा वेळ रस्त्यात जाणारच.

आम्ही पाऊण तास थांबलो. मग झाकणावर फडके ठेवून ते हळूच फिरवले, दोन बोटे कमी झालेले पाणी भरले, आणि पुढचा प्रवास एका विचित्र उपायाने केला. आतला हीटर पूर्ण सोडला! हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता तो आपल्या अंगावर टाकतो. ऑक्टोबरची उष्मा, काचा उघड्या, पायांशी भट्टी, अशा थाटात आम्ही कार्लेखिंड ओलांडली. काटा मात्र तांबड्या रेघेखाली राहिला.

मामा थळच्या खत कारखान्यात, तो १९८५ साली सुरू झाल्यापासून थेट निवृत्तीपर्यंत, तापमान आणि दाब मोजणाऱ्या उपकरणांची देखभाल करीत. त्यांच्या अंगणाच्या टोकाला उभे राहिले की उंदेरी आणि तिच्यामागे खांदेरी दिसते. समुद्र इतका जवळ आहे. हे वर्णन उगाच केलेले नाही; त्याचा संबंध पुढे येईल.

चहा होताच मी सांगितले, "मामा, याचा सेन्सर श्रावणातच बदलला. दोन हजार गेले. आता गॅरेजवाला म्हणतो पंख्याची मोटर बदला."

"जुना सेन्सर कुठे आहे?"

तो सुदैवाने गाडीच्या कप्प्यात होता. मामा तो घेऊन स्वयंपाकघरात गेले. मामी चकल्या तळीत होत्या. शेजारच्या शेगडीवर मामांनी पातेलीत पाणी ठेवले, सेन्सरचे पितळी टोक त्यात बुडवले आणि दुसऱ्या टोकाला मीटरच्या तारा लावल्या. हा सेन्सर म्हणजे उष्णतेने ज्याचा विद्युतरोध घटतो असा एक खडा. पुष्कळ गाड्यांत तो २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास असतो आणि ८० ला तीनशेवर येतो. पाणी तापू लागले तसे आकडे एकेक पायरी उतरत गेले. कुठे अडखळले नाहीत, कुठे उडी मारली नाही. पाण्याला उकळी आली तेव्हा मीटर दोनशेच्या खाली होता.

"ठणठणीत आहे हा," मामा म्हणाले. "निरोप्या खरे सांगत होता, तुम्ही त्यालाच कामावरून काढलेत."

मामी म्हणाल्या, "झाले असेल तर माझी पातेली घासून द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी बॉनेट उघडले. प्रथम त्यांनी चिरंजीवांना दम भरला, की पंख्याजवळ बोट न्यायचे नाही. इंजिन बंद असतानाही हा पंखा आपणहून सुरू होऊ शकतो. मग इंजिन चालू करून वातानुकूलन लावायला सांगितले. आमच्या गाडीत दोन्ही कामांना एकच पंखा आहे, आणि वातानुकूलन लावले की इंजिन गार असले तरी तो फिरायला हवा. तो फिरला नाही. म्हणजे दोष सेन्सरच्या पलीकडे होता.

आणि इथे सौ. म्हणाली, "मी दोन महिने सांगते आहे, सिग्नलला थांबले की एसी गरम वारा टाकतो."

ती सांगत होती हे खरे. मी गॅस कमी झाला असेल असे म्हणून ते उडवून लावीत होतो. तेव्हाच ऐकले असते, तर सेन्सरचे दोन हजार वाचले असते. मामांनी माझ्याकडे नुसते पाहिले.

फ्यूज शाबूत होता. मग मामांनी सेन्सरचा प्लग काढला. सेन्सरचा निरोप येईनासा झाला की आमच्यासारख्या पुष्कळ गाड्यांचा संगणक खबरदारी म्हणून पंखा लावूनच ठेवतो. रिले टक् करून वाजला. हुकूम सुटला होता. पंखा ढिम्म. आता उरली मोटर आणि तिच्या दोन तारा. मोटरचा प्लग सोडवून मामांनी दोन तारा लावलेला एक छोटा बल्ब घेतला. एक तार येणाऱ्या विजेला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, तेव्हा बल्ब लख्ख पेटला. मग ती दुसरी तार प्लगमधल्या काळ्या तारेला लावली. बल्ब विझला.

"वीज येते आहे, पण तिला परत जायला वाट नाही," मामा म्हणाले. "सगळे आहे, फक्त अर्थ नाही!"

या कोटीवर ते स्वतःच इतके हसले की आई पडवीतून बघायला आली.

काळ्या तारेचा माग काढीत गेलो तो हेडलाइटच्या मागे, खाली, एका बोल्टपाशी. तिथे ती तार गाडीच्या पत्र्याला जोडलेली होती. म्हणजे असायला हवी होती. तारेच्या टोकाला हिरवा गंज चढला होता आणि पत्र्याला तांबडा. "दोन वर्षांपूर्वी तुझी बदली झाली तेव्हा सबंध पावसाळा ही माझ्या अंगणात उभी होती, विसरलास?" मामा म्हणाले. खाऱ्या वाऱ्याने त्या चार महिन्यांत आपले काम सुरू केले होते, आणि दोन वर्षे घेऊन ते पुरे केले होते.

बॅटरीची तार काढून बोल्ट सोडवला. पॉलिश पेपरने टोक आणि पत्रा चकचकीत होईतो घासले, बोल्ट घट्ट आवळला, वरून व्हॅसलिनचा लेप दिला आणि बॅटरी व प्लग पुन्हा जोडले. इंजिन आणि वातानुकूलन चालू करताच पंखा असा घोंघावला की अंगणातली मांजर पळाली. खर्च आला तो पॉलिश पेपरच्या एका तुकड्याचा. गॅरेजवाल्याला परतल्यावर हे सांगितले, तर तो म्हणाला, "हो, दर्याकाठच्या गाड्यांना होते असे कधी कधी." मोटर बदलण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

परतताना वडखळला पुन्हा रांग होती. काटा मध्याच्या किंचित वर गेला, पंखा सुरू झाल्याचा आवाज आला, आणि काटा परतला. मागून आई म्हणाली, "झाली वाटते शिटी."

यंदा पावसाळा संपल्यावर मी तो बोल्ट सोडवून पुसला आणि पुन्हा लेप दिला. कपाटातली व्हॅसलिनची बाटली कमी झाल्याचे सौ.च्या लक्षात आले आहे.