नावानिशी घेतलेली विद्या

११ फेब्रुवारी ही युनानी वैद्य हकीम अजमल खान यांची जयंती. ग्रीक-अरबी परंपरेच्या या वैद्यकाचा हा देशभर युनानी दिन. उधना-जळगाव रेल्वेमार्गावरच्या, सुरत जिल्ह्यातल्या चलथाणला या दिवसांत साखर कारखान्याचं गाळप ऐन भरात असतं. ते इथे अगदीच गैरलागू नाही. साखर करण्याची विद्या भारतातून इराणमार्गे अरबांकडे गेली आणि त्यांच्या हकिमांनी कडू औषधं पाकात मुरवून सरबतं, मुरंबे केले.

अशा दिवशीची भाषणं ठरलेली असतात. एक वक्ता सांगतो, विज्ञान जगाला अरबांनी दिलं. दुसरा सांगतो, ते मुळात आमचंच. त्या काळच्या विद्वानांना मात्र हा वाद कळलाच नसता. बगदादेत सुश्रुताचं अरबी भाषांतर झालं होतं आणि वैद्य अल-राझीच्या ‘अल-हावी’ या ग्रंथात चरक-सुश्रुतांचे दाखले नावानिशी येतात. देवी आणि गोवर हे वेगळे आजार कसे ओळखावेत, हे याच राझीने लिहून ठेवलं. तेराव्या शतकात वैद्य इब्न नफीसने तर थेट ग्रीक वैद्य गॅलेनलाच खोटं ठरवलं: रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून डाव्यात झिरपत नाही, फुफ्फुसांतून फिरून येतं.

आपल्या बाजूचा माणूस चलथाणपासून फार दूरचा नाही. नर्मदाकाठच्या भडोचमधल्या मदनसूरींचा शिष्य महेंद्रसूरी हा जैन मुनी फिरोजशाह तुघलकाच्या दरबारी ज्योतिषी होता. १३७० मध्ये त्याने ‘यंत्रराज’ लिहिला. अस्तरलाब या ग्रहताऱ्यांचा वेध घेण्याच्या यंत्रावरचा हा संस्कृतातला पहिला ग्रंथ. ही विद्या यवनांच्या, म्हणजे मुसलमानांच्या, ग्रंथांतून घेतली, हे त्याने त्यात उघड सांगितलं. फिरोजशाह काही सहिष्णुतेचा पुतळा नव्हता. ब्राह्मणांवर जिझिया कर लावणारा तोच. तरीही हे काम त्याच्याच पदरी झालं, आणि ही अडचणीची गोष्ट दोन्ही वक्त्यांच्या भाषणात बसत नाही.

उलट दिशेने आला फरिश्ता. लहानपणी अहमदनगरला आलेला हा इराणी पुढे विजापूरला गेला. मराठी वाचक त्याला दख्खनचा इतिहासकार म्हणून ओळखतो. भारतीय वैद्यकावर त्याने फारसीत लिहिलेला ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ मात्र फारसा कुणाला आठवत नाही.

दिन साजरा करायचाच, तर महेंद्रसूरी आणि फरिश्ता यांना शाळेच्या पुस्तकात एकाच धड्यात आणावं. सुरत जिल्ह्यातल्या मराठी शाळांपासून सुरुवात करायलाही हरकत नाही.