फर्निचरची किंमत वर्षांनी मोजा

सातारा-सांगलीत फर्निचरची दुकाने वाढली, फर्निचर घडवणारे हात मात्र कमी होत गेले. महामार्गाच्या कडेला काचेच्या दर्शनी भिंतींची मोठाली दालने उभी राहिली. लग्नसराईत तिथे ‘संसारसेट’ मांडलेला असतो. कपाट, पलंग, गादी, ड्रेसिंग टेबल, सोफा असे सगळे एका रकमेत, हप्त्यावर आणि घरपोच मिळते. त्यातला पुष्कळसा माल बाहेरून येतो. इथला सुतार एके काळी बारा बलुतेदारांतला मानाचा कारागीर होता. आज तो कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये रोजंदारीवर प्लाय कापतो आणि सनमायका चिकटवतो. हे पाहून लोक सहज निकाल देऊन मोकळे होतात, की इथला फर्निचरचा धंदा संपला, काळाबरोबर गेला. हा निकाल मला मान्य नाही. त्यामागे जी कारणे सांगितली जातात ती एकेक करून तपासली पाहिजेत, आणि त्यांत जिथे तथ्य असेल तिथे ते कबूलही केले पाहिजे.

पहिला आक्षेप किमतीचा. स्थानिक सुताराकडून करून घेतलेले फर्निचर महाग पडते, दुकानातले स्वस्त मिळते, असे म्हणतात. पण स्वस्त म्हणजे काय स्वस्त? दुकानातल्या कमी किमतीच्या कपाटात आणि पलंगात बहुतेक वेळा पार्टिकल बोर्ड असतो. लाकडाच्या चिपट्या आणि भुसा युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिनमध्ये कालवून, दाबून तो केलेला असतो. कोरड्या जागी तो काही वर्षे काम देतो. पाणी लागले की चिपट्या फुगतात, चिकटद्रव्याची पकड सुटते, स्क्रू धरत नाही. एकदा फुगलेला बोर्ड पुन्हा मूळ आकाराला येत नाही.

कृष्णाकाठच्या माणसाला हे वेगळे शिकवायला नको. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. जुलै 2021 मध्ये पूर पुन्हा आला. दोन्ही वेळा पाणी ओसरल्यावर भिजून निकामी झालेले घरसामान ढिगाने रस्त्यावर आले. पुरात सागाच्या पलंगाचेही नुकसान होते. त्याचे पॉलिश जाते, सांधे ढिले पडतात. पण तो उकलता येतो, सावलीत वाळवता येतो, रंधा मारून पुन्हा बसवता येतो. खाच आणि कुसू यांच्या जोडणीने केलेली वस्तू दुरुस्तीसाठीच घडवलेली असते. बोर्डाच्या कपाटाला मात्र कचऱ्याच्या गाडीखेरीज दुसरी वाट नसते.

आता हिशेब पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतो. 20 हजारांचा बोर्डाचा पलंग आठ वर्षे टिकला, तर वर्षाला अडीच हजार पडले. 60 हजारांचा सागाचा पलंग चाळीस वर्षे टिकला, तर वर्षाला दीड हजार पडले, आणि चाळीस वर्षांनंतरही त्याच्या लाकडाला गिऱ्हाईक असते. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा अठराव्या शतकातला वाडा आहे. त्याचे लाकूडकाम आजही जागेवर उभे आहे. तेव्हा महाग कोणते आणि स्वस्त कोणते, हे किमतीच्या चिठ्ठीवरून ठरत नाही.

यावर कोणी म्हणेल, की गरिबाच्या हातात एकदम 60 हजार येणार कुठून? हा प्रश्न खरा आहे आणि दालनवाल्यांनी तो हप्त्यांनी सोडवला आहे. पण पतसंस्थांचे जाळे असलेल्या या दोन जिल्ह्यांत तोच प्रश्न सुताराच्या मालासाठी सोडवता येऊ नये? मोटारसायकलला कर्ज मिळते, तसे पलंगाला आणि कपाटाला मिळाले तर हा आक्षेप उरणार नाही.

दुसरा आक्षेप पर्यावरणाचा आहे आणि तो चांगल्या मनाने घेतला जातो. लाकडी फर्निचर म्हणजे जंगलतोड, सबब लाकूड नको, असे त्याचे रूप. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथल्या एकाही झाडाला कुऱ्हाड लागू नये, हे माझेही मत आहे. घाटात चोरटी तोड होते, हेही नाकारत नाही. पण फर्निचरचे लाकूड जंगलातूनच येते असे मुळीच नाही. साग, आंबा, बाभूळ, सिल्व्हर ओक ही झाडे शेतकऱ्याच्या बांधावर, पडीक रानात, परसात वाढतात. ती पीक म्हणून लावता येतात आणि पीक म्हणून काढता येतात. शिवाय बोर्डही झाडाचाच असतो. त्यात रेझिनची भर पडते आणि त्याचे आयुष्य कमी, इतकाच फरक. जे लाकूड पन्नास वर्षे पलंग होऊन घरात राहते, ते हवेतून घेतलेला कार्बनही तितकी वर्षे धरून ठेवते.

खरी अडचण वेगळीच आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 नुसार साग, आंबा, फणस, जांभूळ, किंजळ अशी अनुसूचीतली झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सातबारा, हद्दीची खात्री, वन खात्याची पाहणी, लाकडावर शिक्का आणि मग वाहतूक परवाना, असा तो प्रवास. कायद्याचा हेतू चांगला आहे, पण त्याची चाल इतकी संथ की शेतकरी कंटाळून उभे झाड मध्यस्थाला मिळेल त्या भावात देऊन टाकतो. दुसरीकडे म्यानमारने एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर आपल्या वखारींत घाना, इक्वेडोर, कोस्टारिका इथल्या लागवडीचा साग येऊ लागला. पाटणच्या बांधावरचा साग कागदासाठी अडून राहतो आणि दुसऱ्या खंडातला साग समुद्र ओलांडून इथे पोचतो. यात निसर्गाचे काही भले होत नाही. डिसेंबर 2023 मध्ये देशभरासाठी एकच ऑनलाइन वाहतूक परवाना पद्धत सुरू झाली, हे योग्य पाऊल आहे. आता तोडीच्या परवानगीलाही ठरलेली मुदत असली पाहिजे.

तिसरा आक्षेप कारागिरावरच आहे. सुतार वेळ पाळत नाही, उचल घेऊन गायब होतो, फिनिशिंग येत नाही, पावसाळ्यात दार अडकते आणि उन्हाळ्यात फट पडते. यात तथ्य आहे. दोन महिन्यांचे काम सहा महिने लांबल्याचे अनुभव घरोघरी सापडतील. कारागिराची बाजू घेणाऱ्याने हे झाकू नये.

पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. दार अडकते आणि फट पडते ते मुख्यतः लाकूड ओले असताना काम केल्यामुळे. ताज्या लाकडातले पाणी इथल्या हवेशी जुळेल इतके खाली आणावे लागते. कोणत्या हवामानाला किती ओलावा चालेल हे सांगणारे आयएस 287 हे भारतीय मानकच आहे. त्यासाठी सिझनिंगची भट्टी लागते, ओलावा मोजणारे यंत्र लागते. एकट्या सुताराला ते परवडत नाही. वखारीतून लाकूड आणले की दुसऱ्या दिवशी रंधा चालवायचा, अशी त्याची परिस्थिती. वेळेचेही तसेच. भांडवल नसल्यामुळे एका गिऱ्हाइकाची उचल दुसऱ्याच्या लाकडात जाते आणि दोघांचेही काम रखडते. ज्याला भट्टी, यंत्र आणि खेळते भांडवल यांपैकी काहीच मिळाले नाही, त्याची तुलना सर्व साधने असलेल्या कारखान्याशी करायची आणि त्याला नालायक ठरवायचे, हा न्याय नव्हे.

चौथा आक्षेप अधूनमधून राजकीय व्यासपीठावरून ऐकू येतो. राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेल्या कारागिरांनी आपल्या मुलांचे काम हिरावले, असे म्हणतात. सांगली जिल्ह्याने तरी हे बोलू नये. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायासाठी भारतभर गेली, परमुलखात दुकाने थाटून राहिली आणि तिथे मान मिळवला. त्यांनी कुणाचे काम हिरावले नाही, जे काम नीट येत होते ते केले. राजस्थानचा सुतारही तेच करतो. आपली मुले या कामातून बाहेर पडली, कारण हातात रंधा असलेल्या मुलाला आपण प्रतिष्ठा दिली नाही आणि आयटीआयच्या सुतारकामाला शेवटचा पर्याय मानले. दोष आलेल्या माणसावर ढकलून आपला मुलगा कारागीर होणार नाही.

पाचवा आक्षेप असा, की हा मुलूख उसाचा आणि दुधाचा, कारखानदारी इथल्या मातीत नाही. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथे नांगर घडले, आणि 1930च्या दशकात त्याच कारखान्यातून लोखंडी फर्निचरही बाहेर पडत होते. कराडजवळ ओगलेवाडीत काच आणि कंदील तयार झाले. मिरजेत आजही भोपळ्याला आणि लाकडाला आकार देऊन सतारी आणि तानपुरे घडतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या जिल्ह्याचे हात सुराची वाद्ये घडवतात, त्यांना खुर्ची जमणार नाही असे कोण म्हणेल?

आक्षेप पाहून झाले. आता काय करायला हवे ते सांगतो.

पहिली गरज सामाईक सुविधा केंद्राची आहे. कुपवाड किंवा सातारा औद्योगिक वसाहतीत सिझनिंगची भट्टी, पॅनेल सॉ, सीएनसी राउटर आणि पॉलिशची धूळमुक्त खोली एका छताखाली उभी राहिली, तर सुतार तिथे भाडे भरून काम करतील. केंद्राच्या सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास कार्यक्रमात अशा केंद्रांना अर्थसाहाय्य आहे. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांना अवजारांसाठी 15 हजार रुपये आणि 5 टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज मिळते. ही मदत एकेकट्याने खर्चली तर एक ड्रिल मशीन येईल. संघटित होऊन वापरली तर कार्यशाळा उभी राहील. साखर कारखाने आणि दूध संघ उभे करणाऱ्या मुलखाला सहकार शिकवावा लागू नये.

दुसरी गरज लेखी हमीची. बिलावर लाकडाची जात, ते कुठून आले, प्लाय असेल तर आयएस 303 की आयएस 710, आणि किती वर्षांची हमी, हे लिहिलेच पाहिजे. 2022 मध्ये भारतीय मानक ब्युरोने खुर्च्या, टेबले, कपाटे, पलंग यांची स्वतंत्र मानके काढली. छोट्या कारागिराने त्यांना भिऊ नये. दालनातल्या चकचकीत मालाशी झगडताना कागदावर दाखवता येणारा दर्जा हेच त्याचे सर्वांत मोठे हत्यार आहे. गिऱ्हाइकाने केवळ ‘कारागीर जगावा’ म्हणून त्याच्याकडे यावे असे मी म्हणत नाही. दयेवर धंदा चालत नाही, विश्वासावर चालतो.

तिसरी गरज उसाकडे नव्या नजरेने पाहण्याची. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या साधारण 28 ते 30 टक्के चिपाड निघते, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात. ते बहुतेक बॉयलरमध्ये जळते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात वेळापूरला याच चिपाडापासून बोर्ड करण्याचा कारखाना निघाला. सप्टेंबर 2025 मध्ये बगॅस बोर्डावरील जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. पाण्यापुढे हाही बोर्ड दुबळा आहे, पण कपाटाचे आतले कप्पे, पाठीमागच्या फळ्या यांना तो पुरेसा आहे. झाड वाचते, चिपाडाला मोल येते आणि बोर्ड दुरून आणावा लागत नाही. त्याच फेरबदलात बांबूचे फर्निचर 5 टक्क्यांत गेले. लाकडी फर्निचरवर मात्र 18 टक्के कायम आहेत. बांधावरच्या प्रमाणित लाकडाच्या फर्निचरलाही तीच सवलत मिळायला हवी.

चौथी आणि सर्वांत मोठी गरज हमखास गिऱ्हाइकाची आहे, आणि ते गिऱ्हाईक घरातच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा, अंगणवाड्या, ग्रामपंचायती, सहकारी बँका आणि 1919 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी काढलेली रयत शिक्षण संस्था यांना बाके, टेबले, कपाटे सतत लागतात. कर्मवीरांनी तरुणपणी ओगले, किर्लोस्कर आणि कूपर या इथल्याच कारखान्यांसाठी काम केले होते, आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ची रीत घालून दिली. त्यांच्या जिल्ह्यातल्या शाळांनी निविदेत केवळ सर्वांत कमी दर न पाहता टिकाऊपणाची अट घातली आणि दुरुस्तीची हमी मागितली, तर जवळचा कारागीर आपोआप पुढे येईल. कारण मोडलेले बाक दुरुस्त करायला दूरचा कारखानदार येत नाही.

सातारा-सांगलीचा फर्निचर धंदा काळाने संपवलेला नाही. लाकडाचे संथ परवाने, कारागिरांचे विखुरलेपण आणि गिऱ्हाइकाचा चुकीचा हिशेब यांनी तो अडवून धरला आहे. पहिल्या दोन गोष्टी सरकारच्या आणि कारागिरांच्या हातात आहेत. तिसरी तुमच्या हातात आहे. घरात लग्न निघाले, नवे घर झाले, की पैसे देण्याआधी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. हे कशाचे आहे? भिजले तर काय होईल? मोडले तर दुरुस्त कोण करील? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जो बिलावर सहीनिशी लिहून देईल, त्याच्याकडूनच घ्या.