घासूनपुसून साके

साके म्हणजे राइस वाइन, असं पार्टीत कुणी ठोकून दिलं तर खुशाल टोका. द्राक्षात साखर आयतीच असते. तांदळातल्या स्टार्चची साखर आधी कोजी नावाच्या बुरशीकडून करून घ्यावी लागते. म्हणजे नातं बिअरशी जवळचं. अल्कोहोल मात्र साधारण १५ टक्के, तेव्हा जरा जपून!

क्योटोच्या फुशिमीत, साकेच्या माहेरघरात, मी तीन छोटे पेले घेऊन बसलो. पहिली दाइगिंजो. आपण हातसडीच्या तांदळाचं कौतुक करतो; इथे उलट. दाणा घासून घासून निम्मा किंवा त्याहून कमी उरवतात, म्हणून बिलही तगडं. थंडगार पेला नाकाशी नेला आणि खल्लास! केळं, खरबूज, सगळा फळबाजार. पण भाजलेला मासा टेबलावर आला आणि बाईसाहेब एकदम गप्प. दुसरी निगोरी : गढूळ, पांढरी, थेट भाताची पेज. गोडसर. एक पेला बास.

तिसरी जुनमाई. तांदूळ, पाणी, कोजी, यीस्ट. वरून घातलेलं अल्कोहोल नाही. ती कोमट करून मागवली आणि माशाशी काय जमली म्हणता! भरीव, किंचित आंबट. 'गरम करतात ती हलकी साके' हे ऐकून सोडून द्या. ऊब लागली की दाइगिंजोचा नाजूक सुगंध विरतो, जुनमाई मात्र खुलते.

लेबलवर 'जुनमाई दाइगिंजो' दिसलं तर गोंधळू नका, दोन्ही गुण एकाच बाटलीत असतात. माझा पगार विचाराल तर दाइगिंजो जेवणाआधी, एकच पेला. ताटाबरोबर जुनमाई, ४० डिग्रीच्या आसपास.