पालीला दर्जा मिळाला, लिहिणारे कुठे आहेत?

जनगणनेच्या दप्तरात आमचे पिपरी मेघे शहर म्हणून नोंदले आहे, कारभार मात्र ग्रामपंचायत चालवते. त्यामुळे 'अधिकृत' हा शब्द ऐकला की आम्ही आधी विचारतो, कोणी ठरवले? वर्ध्यात हा प्रश्न जुना आहे. राष्ट्रभाषा प्रचार समिती इथेच 1936 साली स्थापन झाली. त्याच वर्ध्यात शाळेत आमच्या वऱ्हाडीवर लाल शाईने 'अशुद्ध' असा शेरा बसायचा.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीसोबत पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या रात्री आमच्या सगळ्यांच्या मोबाईलवर पालीच पाली होती. बाबासाहेबांनी पालीचे व्याकरण आणि कोश तयार केला, शासनाच्या ग्रंथमालेचा 16वा खंड तोच आहे, हे अभिमानाने एकमेकांना पाठवले. मग एका पोराने विचारले, पालीचा विकिपीडिया आहे का? आहे. उघडून पाहिला. मोजके लेख, त्यातले बहुतेक दोन-चार ओळींचे. आमच्यापैकी एकानेही तिथे कधी एक ओळ लिहिलेली नव्हती.

ओपन सोर्सच्या जगात नवा प्रकल्प अधिकृत कसा होतो, हे आम्ही त्यानंतर समजून घेतले. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन ही 1999 साली स्थापन झालेली मोठी संस्था. तिने 2002 मध्ये 'इन्क्युबेटर' सुरू केला. नवा प्रकल्प आधी तिथे राहतो. जुनी मंडळी मार्गदर्शक म्हणून सोबत असतात, चर्चा आणि निर्णय सगळ्यांसमोर होतात, शेवटी मतदान होते आणि संचालक मंडळ ठराव करते. कोड चांगला असून भागत नाही. एकच कंपनी किंवा एकच माणूस प्रकल्प चालवतो का, तो उद्या निघून गेला तर काम सुरू राहील का, हे तिथे तपासतात. 'कोडपेक्षा समुदाय मोठा' हे त्यांचे सूत्रच आहे.

विकिपीडियाच्या नव्या भाषेचेही असेच. भाषेला आंतरराष्ट्रीय संकेत हवा, पडद्यावरची बटणे-सूचना त्या भाषेत आणलेल्या हव्यात, आणि किमान तीन-चार जण महिनोनमहिने नियमित लिहिणारे हवेत. मग भाषा समिती निर्णय घेते. गोव्याची कोकणी या उबवणीघरात सुमारे नऊ वर्षे होती, 2015 मध्ये बाहेर आली. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी म्हणजे देवनागरीतलीच, असे ठरवून रोमी लिपीत लिहिणाऱ्यांना दाराबाहेर ठेवले. त्या विकिपीडियावर मात्र दोन्ही लिपींतले लेख आहेत. संथालीचा विकिपीडिया 2018 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला, तोही ओल चिकीत, आदिवासींनी स्वतःसाठी घडवलेल्या लिपीत. कोणा मंत्र्याच्या सहीसाठी या लोकांना थांबावे लागले नाही.

म्हणून या व्यवस्थेची आरती ओवाळावी, असे आम्ही म्हणत नाही. भाषा समिती आपले नवे सदस्य स्वतःच निवडते. भाषांचे संकेत अमेरिकेतली एसआयएल ही संस्था देते. तिच्या यादीत वऱ्हाडी-नागपुरीला 'व्हीएएच' असा स्वतंत्र संकेत आहे, म्हणजे आमच्या गुरुजींनी जी बोली अशुद्ध ठरवली ती परदेशातल्या यादीत भाषा! हसावे की रडावे? आणि 'जो काम करेल त्याचा अधिकार' हे तत्त्व ऐकायला समतेचे वाटते, पण फुकट काम करायला वेळ कोणाकडे असतो? ज्याच्या घरी लॅपटॉप आहे, इंग्रजी आहे, संध्याकाळी मजुरीचा हिशोब नाही, त्याच्याकडे. 'गुणवत्ता' हा शब्द आमच्याविरुद्ध किती वेळा वापरला गेला, हे या वाचकांना सांगायला नको.

तरी त्यांची एक कसोटी आम्हाला बोचते. एका माणसावर उभा असलेला प्रकल्प ते अधिकृत करत नाहीत. ही कसोटी आपल्या संघटनांना लावून बघा. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेबद्दल बजावले होते. आपण त्या भाषणाची पोस्टर छापली आणि खाली स्थानिक नेत्याचा फोटो त्यांच्याएवढाच मोठा लावला. रिपब्लिकन पक्ष 1957 साली स्थापन झाला, त्याचे गट मोजायला आज बोटे पुरत नाहीत. प्रत्येक गट स्वतःला खरा म्हणतो. त्यातल्या किती गटांचे हिशोब कार्यकर्त्यांसमोर होतात? अध्यक्ष आजारी पडला तर किती गटांची बैठक होते?

पालीकडे परत येतो. तिचा विकिपीडिया आजची कडक चाळणी लागण्याआधीच उघडला गेला. आज नवा अर्ज केला असता तर 'मातृभाषा म्हणून बोलणारे किती?' हाच पहिला प्रश्न आला असता, आणि आपल्याकडे उत्तर नसते. उघडलेले घर बंदही होते. ग्रीनलँडची भाषा हजारो लोक घरात बोलतात, तरी 2025 मध्ये तिचा विकिपीडिया बंद करण्याचे ठरले. भाषा जाणणारे लिहीत नव्हते आणि यंत्राने केलेली चुकीची भाषांतरे पानांवर साचली होती. आपल्या काही उत्साही मित्रांनी एआयकडून पाली लेख काढून घेण्याची कल्पना मांडली आहे. त्यांनी ही गोष्ट आधी वाचावी. यंत्र चुकीची विभक्ती लावेल आणि ती तपासणारा आपल्यात कोणी नसेल, तर तो धम्माच्या भाषेचा अपमान आपल्याच हातून होईल.

आम्ही पिपरी मेघेत सहा जण जमलो आहोत. दोघांनी पालीत एम.ए. केले आहे, एक जण आयटीआयचा, बाकी आमच्यासारखे शिकाऊ. रविवारी वंदनेनंतर विहारातच बसतो. प्रत्येकाचे खाते वेगळे, एकाने लिहिलेले दुसऱ्याने तपासल्याशिवाय चढवायचे नाही. पहिल्या रविवारी दीड तासात चार ओळी झाल्या, त्यातल्या दोन भंतेजींनी खोडल्या. येत्या रविवारी त्या दोन पुन्हा लिहायच्या आहेत. सेवाग्राम, बोरगाव मेघे, हिंगणघाटकडच्या कोणाला पाली येत असेल तर दहा वाजता या. येताना चार्जर आणा, विहारात एकच सॉकेट आहे.