मळमळीवरची जोड : आधी मुद्दल, मग जोड

केमोथेरपीचे सलाइन रुग्णालयात लागते. तिचा खरा त्रास मात्र पुष्कळदा घरी परतल्यावर सुरू होतो. अलीकडे लातूर-नांदेड येथेही हे उपचार मिळू लागले असले, तरी या भागातील अनेक रुग्ण बार्शी, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठतात. सलाइन संपते, कागदपत्रे हाती येतात आणि रुग्ण देवगिरी एक्स्प्रेसने परतीच्या वाटेला लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अन्नाच्या वासानेही ढवळून येते, पाणी ठरत नाही, आणि विचारायला डॉक्टर जवळ नसतात. घरातील मंडळी हवालदिल होतात. अशाच वेळी कोणीतरी आपुलकीने सांगते की भांगेच्या तेलाचे चार थेंब जिभेखाली ठेवा, परदेशात कर्करोगाच्या रुग्णांना हेच देतात. या सल्ल्यात तथ्य किती आणि ऐकीव किती, हे पाहणे आवश्यक आहे.

केमोथेरपीनंतरची उलटी पोट बिघडल्यामुळे होत नाही. औषधाच्या आघाताने आतड्यातील पेशी सेरोटोनिन नावाचे द्रव्य सोडतात. त्याचा संदेश मज्जातंतूंवाटे मेंदूतील वांतिकेंद्राला पोहोचतो. पहिल्या दिवसाची उलटी मुख्यतः या मार्गाने येते. दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंतच्या उलटीत ‘सब्स्टन्स पी’ या दुसऱ्या द्रव्याचा वाटा मोठा असतो. तिसरा मार्ग स्मृतीचा आहे. पहिल्या खेपेला फार त्रास झाला असेल, तर पुढच्या खेपेला रुग्णालयाचा वास येताच मळमळ सुरू होते. म्हणून पहिल्याच खेपेला उलटी रोखणे हे पुढच्या सर्व खेपांसाठी मोलाचे ठरते.

मार्ग अनेक असल्यामुळे एकच गोळी पुरत नाही. ऑनडान्सेट्रॉन वा पॅलोनोसेट्रॉन सेरोटोनिनचे दार बंद करते, ॲप्रेपिटंट ‘सब्स्टन्स पी’चे दार अडवते, आणि डेक्सामेथासोन या दोघांना बळ देते. तीव्र केमोथेरपीत आता या तिघांना ओलान्झापिन या चौथ्या औषधाची जोड दिली जाते. हे औषध मूळचे मनोविकारांवरील. त्यामुळे चिठ्ठीवर ते नाव वाचून काही घरांत गैरसमज होतो आणि गोळी परस्पर बंद केली जाते. तिची मोठी अडचण म्हणजे दिवसभर राहणारी गुंगी. या अडचणीवर महाराष्ट्रातच महत्त्वाचे संशोधन झाले. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रात २६७ रुग्णांमध्ये १० मिलिग्रॅमच्या नेहमीच्या मात्रेची २.५ मिलिग्रॅमशी तुलना करण्यात आली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार उलटीवरील नियंत्रण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले. पहिल्या दिवसाची तीव्र गुंगी मात्र मोठ्या मात्रेच्या गटात १०० पैकी सुमारे ४० जणांना, तर छोट्या मात्रेच्या गटात सुमारे ५ जणांनाच आली. अधिक मात्रा म्हणजे अधिक गुण, हा समज येथे चुकीचा ठरला.

आता भांगेच्या वनस्पतीविषयी. तिचा औषधी विचार आपल्याला परका नाही. आयुर्वेदात ती ‘विजया’ या नावाने येते. १८३९ मध्ये कोलकात्यात विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने धनुर्वात, पटकी अशा व्याधींवर तिचे प्रयोग केल्याची नोंद प्रसिद्ध केली. तिच्यातील नशा आणणारा टीएचसी हा घटक १९६४ मध्ये इस्रायलमध्ये शुद्ध स्वरूपात वेगळा करण्यात आला. मेंदूतील वांतिकेंद्राशी निगडित भागात या घटकाला प्रतिसाद देणारी ग्रहणस्थाने आहेत. त्यामुळे तो उलटी शमवू शकतो. १९८५ मध्ये अमेरिकेने ड्रोनॅबिनॉल आणि नॅबिलोन या दोन कॅप्सूलना केमोथेरपीच्या उलटीसाठी मान्यता दिली. मात्र नेहमीची औषधे निष्प्रभ ठरलेल्या रुग्णांसाठीच. ही अट ऐकीव सल्ल्यात गळून पडते.

नेहमीच्या औषधांना या घटकाची जोड दिल्यास काय होते? सर्व प्रयोगांचे उत्तर सारखे नाही. १९९१ मधील एका अभ्यासात ड्रोनॅबिनॉल आणि प्रोक्लोरपेराझिन एकत्र दिल्यावर दोन्ही औषधे वेगवेगळी देण्यापेक्षा अधिक गुण आला. २००७ मधील दुसऱ्या एका छोट्या अभ्यासात मात्र ड्रोनॅबिनॉल व ऑनडान्सेट्रॉन यांच्या जोडीने एकट्या औषधाहून जास्त लाभ दिला नाही. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातील १४७ रुग्णांना नेहमीची औषधे घेऊनही त्रास होत होता. ती औषधे चालू ठेवून काहींना टीएचसी आणि सीबीडी हे भांगेतील दोन घटक प्रत्येकी २.५ मिलिग्रॅम असलेली कॅप्सूल दिली, तर काहींना तशीच दिसणारी निरौषधी कॅप्सूल. उलटी झालीच नाही आणि तातडीचे जादा औषधही लागले नाही, असे रुग्ण पहिल्या गटात १०० पैकी २४ होते, दुसऱ्या गटात ८.

हे आकडे खतावणीसारखे दोन्ही बाजूंनी वाचावेत. जमेच्या बाजूला १०० मागे १६ जणांचा जादा लाभ आहे, म्हणजे साधारण सहा जणांना जोड दिली तर एकाला पूर्ण आराम. नावेच्या बाजूला हे की जोड देऊनही ७६ जणांना पूर्ण आराम मिळाला नाही, शिवाय गुंगी, चक्कर आणि काहींना घबराट असे त्रास वाढले. वयस्कर रुग्णाचा रक्तदाब उतरून तोल जाऊ शकतो, भ्रम होऊ शकतो. ओलान्झापिन चालू असल्यास दोन्हींची गुंगी एकत्र येते. आणखी एक विपरीत गोष्ट २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी नोंदवली : दीर्घकाळ आणि वारंवार गांजा ओढणाऱ्यांना त्यामुळेच न थांबणाऱ्या उलट्यांचा विकार जडू शकतो.

आपल्याकडे ड्रोनॅबिनॉल हे ऑनडान्सेट्रॉनप्रमाणे औषधाच्या दुकानात मिळत नाही. गांजा आणि चरस यांवर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने बंदी आहे. पाने, म्हणजे भांग, त्या व्याख्येत येत नसली तरी महाराष्ट्रात तिच्यावर दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे. विजयायुक्त आयुर्वेदिक औषधे परवानाधारक उत्पादक तयार करतात. परंतु औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत भांगेचा समावेश असल्याने अशा औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना बंधनकारक आहे. ज्या बाटलीवर उत्पादकाचा परवाना नाही, मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहिलेली नाही, तिच्यातील चार थेंबांत काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

व्यसन आणि औषध यांतील फरक वनस्पतीच्या नावात नसून हेतू, मात्रा आणि देखरेख यांत आहे, हे विवेकी कुटुंबांना पटण्यासारखे आहे. तथापि जोडीचा विचार करण्यापूर्वी मुद्दल जागेवर आहे का, हे तपासले पाहिजे. डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या सर्व दिवस, ठरलेल्या वेळी घेतल्या गेल्या का? की पहिल्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेल्या डबीतच राहिल्या? या गोळ्या उलटी होऊ नये म्हणून असतात. झाल्यावर घेतल्यास त्यांचा निम्मा उपयोग वाया जातो.

रुग्णालय सोडण्यापूर्वी पाच दिवसांच्या गोळ्यांच्या वेळा लिहून घ्याव्यात आणि रात्री फोन कोणाला करायचा हेही विचारून ठेवावे. घरी रात्रिभोजनत्यागाचा नियम असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगावा. वेळा कितपत बदलता येतील हे त्यांनाच ठरवू द्यावे. जिलेटिनच्या कॅप्सूलला हरकत असल्यास तेही सांगावे. पुष्कळ औषधे गोळीच्या वा द्रवाच्या स्वरूपातही असतात. न सांगता गोळी गाळणे हा सर्वांत महागडा मार्ग आहे. एका वहीत उलटी किती वेळा झाली, कोणती गोळी केव्हा घेतली, पाणी किती ठरले, याची रोजची नोंद ठेवावी. पाणीही ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, उलटीत रक्त दिसले किंवा ताप आला, तर दिवस उजाडण्याची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठावे.

एवढे करूनही त्रास शमला नाही, तर ती वही पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर ठेवावी आणि औषध बदलावे की मात्रा, की आणखी जोड द्यावी, हे स्पष्ट विचारावे. उलटी सोसणे हा उपचाराचा अपरिहार्य भाग नाही; आणि ती रोखण्याचा मार्ग अनोळखी बाटलीतून जात नाही.