संगणकही वाजवून घ्यावा

बाजारात मडके घेताना तुमची आजी काय करते ते तुम्ही पाहिले असेल. ती मडके एका हातावर तोलते, दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. आवाज खणखणीत आला तर पैसे मोजते, बद्द आला तर मडके परत ठेवते. चीर डोळ्यांना दिसत नाही, पण कानाला कळते. आमच्या नाशिकच्या तांबट लेनमध्ये हंडा घेणाराही तो वाजवूनच घेतो. डिझेल इंजिनाची नोझल तपासणारा कारागीर ती हातपंपाला जोडून दाबतो. चांगली नोझल फवारा सोडताना एक ठरावीक करकर करते आणि ती करकर ऐकूनच त्याचे समाधान होते.

अशा या गावात कुणी चाळीस हजार रुपयांचा नवा संगणक घरी आणला, त्यातून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला, आणि त्याने दुकानदाराला विचारले, तर उत्तर काय मिळते? "मशीन आहे, आवाज येणारच. चालतंय ना?" हे उत्तर मला मान्य नाही. ते का, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरी नवा संगणक आला. त्यात फिरता भाग नसलेली एक छोटी डिस्क होती, आणि मोठ्या साठवणीसाठी नेहमीची फिरती हार्ड डिस्क. जुन्या संगणकातील हार्ड डिस्कही दुकानदाराने शेजारीच बसवून दिली, म्हणजे जुनी छायाचित्रे हाताशी राहतील. दिवसा रस्त्याच्या गोंगाटात काही जाणवले नाही. रात्री मात्र दहावीतील माझी मुलगी म्हणाली, "आई, हा संगणक श्वास घेतो आहे." खरेच, एक खालच्या पट्टीतील घूं असा आवाज येत होता, तो वाढे, कमी होई, पुन्हा वाढे. दुकानदाराला दूरध्वनी केला, तेव्हा वर दिलेले उत्तर मिळाले. त्यात "मॅडम" एवढा एक शब्द जास्त होता.

आता आपण थोडे भौतिकशास्त्र करू. हार्ड डिस्क म्हणजे नावाप्रमाणे एक किंवा अनेक कठीण चकत्या. त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो आणि माहिती त्या थरात लिहिलेली असते. टेबलावरील संगणकात पुष्कळदा वापरली जाणारी डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला किती? १२०. चकतीचा व्यास सुमारे साडेनऊ सेंटिमीटर धरा आणि कडेचा वेग काढा. तो सेकंदाला जवळजवळ ३६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १२९ किलोमीटर येतो. मुंबई-आग्रा महामार्गावर इतक्या वेगाने गाडी हाकाल तर दंड भरावा लागेल! चकती कितीही काळजीपूर्वक बनवली तरी तिचा तोल अगदी शंभर टक्के साधत नाही. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यागणिक तिचा एक बारीकसा धक्का चौकटीला बसतो. सेकंदाला १२० धक्के, म्हणजे १२० हर्ट्‌झ कंप्रतेचा (तुमच्या पुस्तकात तिला वारंवारता म्हटले असेल) आवाज. आमच्या घरातील घूं हाच असावा, असा माझा तर्क होता.

तर्क तपासला पाहिजे. हल्ली हे काम सोपे झाले आहे. जर्मनीतील आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात तयार झालेले फायफॉक्स नावाचे मोफत ॲप मोबाइलवर घ्या. ते आवाजातील निरनिराळ्या कंप्रता आलेखावर दाखवते. आमच्या आलेखात १२० हर्ट्‌झला उंच सुळका दिसला. हा सुळका १०० हर्ट्‌झला असता तर मी डिस्कला सोडून वीजपुरवठ्याच्या पेटीवर संशय घेतला असता. कारण आपल्याकडील वीज ५० हर्ट्‌झची असते आणि तिच्या प्रत्येक आवर्तनात रोहित्राचा गाभा दोनदा थरथरतो. पाहा, दुकानदाराने "आवाज येणारच" म्हणून जे एका पोत्यात घातले होते, त्याचे एका आकड्याने दोन भाग झाले.

राहिला तो श्वास. एका डिस्कचा आवाज असा चढत-उतरत नाही. पण जवळजवळ सारख्या कंप्रतेचे दोन आवाज एकत्र आले, तर ते कधी परस्परांना साथ देतात, कधी छेद देतात. यालाच विस्पंद म्हणतात. देवळातील मोठी घंटा वाजवून पाहा. तिचा नाद सरळ विरत नाही, लहरत लहरत विरतो. घंटेचा गोल किंचित असमान असल्याने तिच्यात जवळजवळ सारखे दोन स्वर असतात, त्यांचे हे विस्पंद. आमच्या पेटीत दोन फिरत्या डिस्का होत्या, दोन्ही ७२०० फेऱ्यांच्या. मुलीने घड्याळ लावून दहा चढउतार मोजले, चाळीस सेकंद लागले. म्हणजे कंप्रतांतील फरक पाव हर्ट्‌झ, म्हणजेच मिनिटाला १५ फेरे. वेष्टनावर दोहींच्या नावे एकच आकडा छापलेला असला, तरी ७२०० मध्ये १५ चा फरक आमच्या कानांनी पकडला होता! (दोहोंतली वेगवान कोणती, हे मात्र विस्पंदांवरून सांगता येत नाही. का, याचा विचार करा.) संगणक बंद करून, प्लग काढून, जुन्या डिस्कची जोडणी सोडवली. पुन्हा चालू केल्यावर श्वास थांबलेला होता.

घूं मात्र तसाच. मग मी पेटीच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबून धरला आणि आवाज एकदम निम्म्यावर आल्यासारखा वाटला. हात काढला, आवाज परत. इथे नादकाट्याचा प्रयोग आठवा. नादकाटा हवेत धरला तर जेमतेम ऐकू येतो, त्याचा दांडा टेबलावर टेकवला की साऱ्या वर्गाला ऐकू येतो. सतारीची तार अशीच एकटी दुबळी. तिला आवाज देतो तो भोपळा. आमच्या डिस्कला पेटीचा पत्रा भोपळा म्हणून लाभला होता. पत्र्याची स्वतःची कंप्रता १२० च्या आसपास असणार, म्हणून तो डिस्कच्या प्रत्येक धक्क्याला तालात साथ देत होता. हा अनुनाद.

आत पाहिले तर डिस्कला चारऐवजी दोनच स्क्रू, तेही एकाच बाजूला. उरलेले दोन बसवले. इथे एक गंमत झाली. खडखड गेली, पण घूं किंचित वाढला, कारण आता डिस्क पत्र्याला अधिक घट्ट जोडली गेली होती! मग रविवार कारंजाजवळच्या एका दुकानातून रबरी वायसर आणले आणि डिस्क व चौकट यांच्या मध्ये घातले. रबर हा मऊ स्प्रिंगच. त्यावर बसलेल्या डिस्कची नैसर्गिक कंप्रता १२० च्या पुष्कळ खाली गेली, तर धक्के चौकटीपर्यंत फारसे पोहोचत नाहीत. आता रात्री पंखा बंद केला तर कान देऊन ऐकावे लागते. तुमच्यापैकी कुणी उत्साहाने डिस्क थर्माकोलमध्ये गुंडाळायला निघेल, म्हणून सांगते: तसे करू नका. डिस्क तापते आणि तिची उष्णता बाहेर पडायला वाट लागते.

इथे लेख संपवता आला असता. पण माझे खरे म्हणणे वेगळे आहे, आणि ते सांगायचे तर मला माझी एक चूक सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका महाविद्यालयात शिकवत होते. तिथे आमच्या विभागाच्या गच्चीवर पर्जन्यमापक होता. दर पावसाळ्यात दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी रोज सकाळी साडेआठला वर जाऊन पाऊस मोजत, वहीत लिहीत. सुट्टीतही पाळी लावलेली असे. अशा तेरा पावसाळ्यांच्या नोंदी जमल्या होत्या. त्या आम्ही संगणकावर उतरवून घेतल्या आणि वह्या रद्दीत दिल्या. कपाटात जागा झाली म्हणून सर्वांना आनंद झाला, मलाही. पुढे एके दिवशी त्या संगणकातून टक्... टक्... टक् असा आवाज येऊ लागला. तास चालू असताना त्याचा त्रास होई. मी काय केले? संगणक टेबलाखाली सरकवला आणि खाली जाड सतरंजी घातली. आवाज ऐकू येईनासा झाला. आठव्या दिवशी संगणक सुरूच झाला नाही.

तो टक् कशाचा होता? डिस्कवर माहिती वाचणारे शीर्ष एका हलत्या भुजेच्या टोकाला असते. ही भुजा हलवणारे वेटोळे आणि चुंबक म्हणजे ध्वनिवर्धकातील व्यवस्थेचाच भाऊबंद. काम करताना डिस्क बारीक करकर करते ती या भुजेची, आणि तिच्यात काळजीचे काही नाही. शीर्ष चकतीला टेकत नाही, ते वर काही नॅनोमीटरवर तरंगते. माणसाच्या केसाची जाडी हजारो नॅनोमीटर असते, यावरून अंदाज करा. शीर्षाला खुणेची जागा सापडली नाही की भुजा परत मूळ जागी येते, पुन्हा शोधते, पुन्हा परत येते. ठरावीक अंतराने येणारा टक् म्हणजे हे आंधळ्यासारखे चाचपडणे. तो ऐकताच नोंदींची दुसरी प्रत करून घ्यायला हवी होती. माझ्यापाशी सात दिवस होते आणि मी सतरंजी घातली. दुरुस्तीसाठी डिस्क मुंबईला पाठवली. चकतीवर ओरखडे पडले आहेत, काही वाचता येणार नाही, असे उत्तर आले.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझे सांगणे असे, की शाळेच्या संगणक कक्षात "हात लावू नका" ही पाटी खुशाल ठेवा, पण "कान लावा" अशीही एक पाटी हवी. एखादी निकामी डिस्क वर्गात उघडून दाखवा. (चालू डिस्क कधीच उघडू नये, धुळीचा एक कण तिला पुरतो.) आरशासारखी चकती, भुजा आणि तो जबरदस्त चुंबक पाहिल्यावर घूर्णन, अनुनाद, विद्युत्‌चुंबकत्व हे धडे निराळे शिकवावे लागत नाहीत. १९५६ साली आयबीएमने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या मिनिटाला १२०० फेरे घेत आणि तेवढ्या सगळ्यांत मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवर घेतलेले एक छायाचित्र त्यात जेमतेम बसेल!

आवाज हा डिस्कचा नुसता परिणाम नसतो, डिस्कवर आवाजाचाही परिणाम होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २०१६ साली बुखारेस्ट शहरातील एका बँकेच्या संगणक केंद्रात आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी घेतली. तोट्यांतून वायू इतक्या मोठ्या आवाजाने सुटला की डिस्का बिघडल्या आणि बँकेचे व्यवहार सुमारे दहा तास ठप्प झाले. २०२२ साली मायक्रोसॉफ्टमधील एका अभियंत्याने जुनी हकिगत प्रसिद्ध केली. जॅनेट जॅक्सन या गायिकेचे एक गाणे लावले की काही जुने लॅपटॉप बंद पडत, आणि शेजारी ठेवलेला लॅपटॉपही! गाण्यातील एक कंप्रता डिस्कच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळत होती.

काही जण म्हणतील, मॅडम, आता नव्या संगणकात पुष्कळदा फिरत्या डिस्का नसतातच, मग हे पुराण कशाला? खरे आहे, न फिरणाऱ्या डिस्का वेगवान आहेत, धक्का सोसतात, मीही वापरते. पण त्या मुक्या आहेत. जायच्या वेळी टक् करून सांगत नाहीत. आणि फिरत्या डिस्काही दर वेळी सांगतातच असे नाही. डिस्क आपल्या प्रकृतीच्या काही नोंदी स्वतः ठेवत असते. गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी या नोंदींतील चार प्रमुख खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. तेव्हा कानावर भिस्त ठेवून दुसरी प्रत करायची टाळणे हा मूर्खपणा होईल. पण कान जे सांगतो आहे त्यावर सतरंजी घालणे हा त्याहून मोठा, आणि तो मी केलेला आहे.

आमच्या घरातील जुन्या डिस्कवरची छायाचित्रे आता दोन ठिकाणी उतरवली आहेत. नव्या डिस्कचा आवाज मुलगी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फायफॉक्सवर नोंदवते. १२० चा सुळका अजून बुटका आहे.

आणि त्या तेरा पावसाळ्यांपैकी दोन सापडले. विभागातील शिपाईमामांनी रद्दीतून दोन वह्या काढून घेतल्या होत्या, मागची पाने कोरी होती म्हणून. त्या कोऱ्या पानांवर त्यांच्या नातवाने पाढे लिहिले आहेत.